मोठ्या संख्येचे गुणधर्म कसे शोधावेत: गोव्याच्या १४,५८,५४५ वर करून बघू

‘एक मोठी संख्या निवडा आणि तिचे गणिती गुणधर्म लिहा’ असा प्रकल्प शाळेतून आला की बहुतेक घरांत तो एकाच वाटेने जातो. संख्या नेटवर टाकायची, जी यादी निघेल ती वहीत उतरवायची आणि पानाला किनार रंगवायची. मग शिक्षकांनी ‘हे कशावरून?’ एवढंच विचारलं की मूल गप्प, पालकही गप्प.

खरं तर हे काम कागदावर तासाभरात होतं. फोंड्याकडच्या मुलांना यात मदत करताना मला दिसलं की गणित कुणाला जड जात नाही, चुकतो तो क्रम. मुलं पहिल्या दिवशीच ‘ही दोन वर्गांची बेरीज आहे का’ हे शोधायला बसतात आणि अवयव शेवटी पाडतात. उलटं करा. संख्येचे मूळ अवयव हाती आले की बाकीचे बहुतेक गुणधर्म दोन-चार गुणाकारांत निघतात. ते येईपर्यंत बाकी कशाला हात लावू नका.

उदाहरणाला आपलीच संख्या घेऊ: २०११ च्या जनगणनेतली गोव्याची लोकसंख्या, १४,५८,५४५.

काय काय लागेल

- चौकटीची वही आणि पेन्सिल. चौकटी अशासाठी की अंक एकाखाली एक राहतात; निम्म्या चुका अंक सरकल्याने होतात.
- साधा कॅल्क्युलेटर. दुकानातल्या स्वस्त कॅल्क्युलेटरवर बऱ्याचदा आठच अंक मावतात. सात अंकी संख्येला ते पुरतं, मोबाइल नंबरला नाही.
- १०० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी. एकूण २५ आहेत. २ पासून सुरू होते. १ ही मूळ संख्या धरत नाहीत.
- संख्या कुठून घेतली त्याची नोंद. हे का, ते लगेच कळेल.

१. संख्या नक्की करा

सगळ्यात आधी फसगत इथे होते. जनगणनेचे आकडे दोनदा येतात, आधी तात्पुरते आणि मग अंतिम. गोव्याचा २०११ चा तात्पुरता आकडा १४,५७,७२३ होता, अंतिम १४,५८,५४५. दोन्ही आजही ठिकठिकाणी छापलेले दिसतात. लोकसंख्येच्या हिशेबात आठशे माणसांचा फरक किरकोळ असेल, पण इथे संख्या एकाने बदलली तरी सगळं पालटतं. तात्पुरता आकडा ३ ने संपतो, म्हणजे त्याला ५ ने भागच जात नाही. अंतिमला जातो.

पडताळा सोपा आहे. उत्तर गोवा ८,१८,००८ आणि दक्षिण गोवा ६,४०,५३७. बेरीज करा: १४,५८,५४५. जुळली, तर पुढे चला.

२. शेवटच्या अंकांकडे बघा

शेवटचा अंक ५. म्हणजे संख्या विषम आहे आणि तिला ५ ने भाग जातो. एवढं सगळ्यांना येतं.

आणखी एक गोष्ट इथेच हाती लागते. ज्या संख्येच्या एकक स्थानी ५ असतो तिचा वर्ग नेहमी २५ ने संपतो: २२५, ६२५, १२२५. आपली संख्या ४५ ने संपते. म्हणजे ती पूर्ण वर्ग असूच शकत नाही. वर्गमूळ काढायचे कष्ट वाचले.

४ आणि ८ च्या कसोट्या विषम संख्येला लागत नाहीत, पण उत्तर गोव्याच्या आकड्यावर करून बघा. ८ साठी शेवटचे तीन अंक पुरतात. ८,१८,००८ मध्ये ते ००८ आहेत, म्हणजे ८ ने भाग जातो. १६ साठी शेवटचे चार अंक बघायचे; ८००८ ला १६ ने भाग जात नाही, म्हणून आपल्यालाही नाही. भागाकार येतो १,०२,२५१ आणि ती मूळ संख्या आहे. म्हणजे उत्तर गोव्याचं काम एका ओळीत संपलं.

३. अंकांची बेरीज करा आणि जपून ठेवा

१ + ४ + ५ + ८ + ५ + ४ + ५ = ३२, आणि ३ + २ = ५. म्हणजे ३ ने भाग जात नाही, ९ ने जात नाही, आणि ९ ने भागल्यावर बाकी ५ उरते. या ५ ला बीजांक म्हणतात. तो समासात लिहून ठेवा, पडताळ्याला लागेल.

४. तीन-तीन अंकांचे गट करा, पण स्वल्पविराम पुसून

७, ११ आणि १३ या तिघांचा गुणाकार १००१ होतो. त्यामुळे तिघांची कसोटी एकदम लागते. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि त्यांची आळीपाळीने वजाबाकी-बेरीज करा:

५४५ − ४५८ + १ = ८८

आता आपली मोठी संख्या विसरा आणि फक्त ८८ कडे बघा. ८८ ला ११ ने भाग जातो, तर १४,५८,५४५ लाही जातो. ८८ ला ७ ने भागल्यावर बाकी ४, १३ ने भागल्यावर १०. १४,५८,५४५ च्या बाक्याही नेमक्या त्याच. म्हणजे ७ आणि १३ बाद.

आपल्याकडचा खास सापळा इथेच आहे. आपण स्वल्पविराम लाख-कोटीच्या पद्धतीने देतो: १४,५८,५४५. मुलं ते स्वल्पविराम हेच गट समजतात आणि ५४५ − ५८ + १४ = ५०१ करून मोकळी होतात. ५०१ ला ११ ने भाग जात नाही, म्हणून ‘११ नाही’ असं लिहितात आणि पुढचं सगळं गणित वाया जातं. ही कसोटी हजारच्या गटांची आहे, लाखाच्या नाही. म्हणून आधी स्वल्पविराम पुसून १४५८५४५ असं सलग लिहा आणि मगच गट पाडा.

जाता जाता एक गंमत, मुलांना ही फार आवडते. गोव्याचे सगळे पिनकोड ४०३ ने सुरू होतात आणि ४०३ म्हणजे १३ × ३१. त्यामुळे गोव्यातल्या कुठल्याही पिनकोडला १३ ने किंवा ३१ ने भाग जातो का, हे फक्त शेवटच्या तीन अंकांवरून कळतं. पणजी ४०३००१: शेवटी १, दोन्हींची बाकी १. मडगाव ४०३६०१: ६०१ ला १३ ने भागल्यावर बाकी ३, ३१ ने भागल्यावर १२. म्हापसा ४०३५०७: ५०७ म्हणजे १३ × ३९, म्हणजे म्हापशाच्या पिनला १३ ने भाग जातो. ४०३५०७ = १३ × ३१०३९. तुमच्या गावाचा पिन घेऊन बसा.

५. मूळ अवयव पाडा

सरळ वाट अशी. ५ आणि ११ सापडलेलेच आहेत:

१४५८५४५ ÷ ५ = २९१७०९
२९१७०९ ÷ ११ = २६५१९

आता २६५१९ उरली. पुढच्या मूळ संख्यांनी भागत जायचं, पण कुठवर? वर्गमूळापर्यंत. १६३ चा वर्ग २६५६९, म्हणजे १६२ च्या पुढे जायची गरज नाही. त्याहून मोठा अवयव असेल तर त्याचा जोडीदार त्याहून लहान असणार आणि तो आधीच सापडला असणार. ११ पुन्हा जात नाही (हे तपासायचं राहून जातं, एकच मूळ अवयव दोनदा येऊ शकतो). १३, १७, १९ नाही. २३ जातो: २६५१९ = २३ × ११५३.

११५३ साठी मर्यादा ३३. तीस-बत्तीस भागाकार नाहीत, २३, २९ आणि ३१ एवढेच. लहान संख्या आधीच बाद झाल्या. बाक्या अनुक्रमे ३, २२, ६. म्हणजे ११५३ मूळ. झालं:

१४,५८,५४५ = ५ × ११ × २३ × ११५३

आता दुसरी वाट. प्रकल्पात हिचा समावेश कराच, कारण या संख्येला ती इतकी चपखल बसते की मला पहिल्यांदा विश्वास बसला नव्हता. सतराव्या शतकात फ्रान्समधल्या तुलूजच्या न्यायालयात काम करणाऱ्या पिएर द फर्मा यांची ही युक्ती. विषम संख्येला दोन वर्गांच्या वजाबाकीत बसवायचं. तसं जमलं की शाळेतलं सूत्र लागतं: दोन वर्गांची वजाबाकी म्हणजे त्या दोन संख्यांची बेरीज गुणिले त्यांची वजाबाकी.

कसं करायचं? आपल्या संख्येच्या वर्गमूळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्या. १२०७ चा वर्ग १४५६८४९, तो कमी पडतो. म्हणून १२०८ पासून सुरुवात.

१२०८ चा वर्ग १४५९२६४. त्यातून १४५८५४५ वजा केले, उरले ७१९. वर्गसंख्या नाही.

१२०९ चा वर्ग १४६१६८१. वजा केले, उरले ३१३६. हा ५६ चा वर्ग!

दुसऱ्याच फेरीत लागलं. म्हणजे संख्या = (१२०९ − ५६) × (१२०९ + ५६) = ११५३ × १२६५. एकही भागाकार न करता तो अडचणीचा ११५३ बाहेर आला आणि १२६५ चे तुकडे तर तोंडी होतात: ५ × ११ × २३. इथे बरेच जण थांबतात आणि ‘दोन अवयव सापडले’ म्हणून लिहितात. १२६५ मूळ नाही, तो फोडायचा राहिला आहे.

ही युक्ती नेहमी इतकी दयाळू नसते. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असतील तरच लवकर लागते. ३ × एखादी प्रचंड मूळ संख्या अशी रचना असेल तर फेऱ्या संपता संपत नाहीत, तिथे साधा भागाकारच बरा. सम संख्येतून २ आधी काढून टाका आणि मगच हिच्याकडे या. स्वतः फर्मांनी २०२७६५१२८१ ही दहा अंकी संख्या या रीतीने फोडली होती. ४५०३० पासून सुरू करून ४५०४१ ला, म्हणजे बाराव्या फेरीला, उत्तर येतं: ४४०२१ × ४६०६१. कॅल्क्युलेटर असेल तर दुपारच्या चहाआधी होतं.

६. पडताळा घ्या

समासातला बीजांक ५ आता काढा. अवयवांचे बीजांक: ५ चा ५, ११ चा २, २३ चा ५, ११५३ चा १. गुणाकार ५ × २ × ५ × १ = ५०, बीजांक ५. जुळला.

पण जुळला म्हणजे बरोबरच आलं असं नाही. अंकांची अदलाबदल या पडताळ्यात सापडत नाही. ११५३ ऐवजी ११३५ लिहिलं तरी बीजांक १ च येतो. म्हणून शेवटी एकदा पूर्ण गुणाकार करायचाच.

७. आता अवयवांतून बाकीचं काढा

*विभाजक किती?* चार मूळ अवयव, प्रत्येक एकेकदाच. प्रत्येक घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून २ × २ × २ × २ = १६. ते असे: १, ५, ११, २३, ५५, ११५, २५३, ११५३, १२६५, ५७६५, १२६८३, २६५१९, ६३४१५, १३२५९५, २९१७०९ आणि संख्या स्वतः. एकही मूळ अवयव पुन्हा आलेला नाही, म्हणून १ सोडून कुठल्याही वर्गसंख्येने हिला भाग जात नाही.

*विभाजकांची बेरीज?* सोळाही मिळवत बसायचं कारण नाही. प्रत्येक मूळ अवयवात १ मिळवा आणि गुणा: ६ × १२ × २४ × ११५४ = १९,९४,११२. (ही सोपी रीत अवयव एकेकदाच आले असतील तरच.) त्यातून संख्या स्वतः वजा केली की उरतात ५,३५,५६७, म्हणजे संख्येपेक्षा बरेच कमी. अशा संख्येला न्यून संख्या म्हणतात. बेरीज संख्येइतकीच आली असती तर ती परिपूर्ण, ६ किंवा २८ सारखी.

*तिच्याशी सहमूळ किती?* १ पासून १४,५८,५४५ पर्यंत किती संख्यांचा हिच्याशी १ सोडून एकही सामाईक विभाजक नाही? आता प्रत्येक मूळ अवयवातून १ वजा करा आणि गुणा: ४ × १० × २२ × ११५२ = १०,१३,७६०. गणितात ज्याला ‘ऑयलरचा फाय’ म्हणतात तो हाच. साधारण सत्तर टक्के संख्या हिच्याशी सहमूळ निघाल्या. २००१ ची गोव्याची लोकसंख्या १३,४७,६६८ त्यातलीच एक: २ × २ × ७ × ४८१३१. एकही अवयव सामाईक नाही, मसावि १.

*दोन वर्गांची बेरीज आहे का?* अवयव येईपर्यंत थांबा म्हटलं ते यासाठी. मुलं इथे ४ ने भागून बघतात. बाकी १ येते आणि ‘४ ने भागून १ उरला म्हणजे असणारच’ असं ठरवतात. तो नियम मूळ संख्यांचा. संयुक्त संख्येत बघायचं असतं ते हे: ४ ने भागल्यावर ज्यांची बाकी ३ येते ते मूळ अवयव समवेळा, म्हणजे दोनदा, चारदा असे, आले आहेत का? इथे ११ ची बाकी ३, २३ चीही ३, आणि दोन्ही एकेकदाच. म्हणून ही संख्या दोन वर्गांची बेरीज नाही. त्या दोघांचा गुणाकार २५३, त्याची बाकी मात्र १. दोघांनी मिळून खूण झाकून टाकली. एकटा ११५३ घेतला तर तो जमतो: ३३ चा वर्ग १०८९, ८ चा ६४.

८. कापरेकरांच्या कसोट्या

मराठीत लिहिताना देवळालीच्या द. रा. कापरेकर गुरुजींना सोडून चालणार नाही. ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे त्यांचं नाव जगभर गेलं, पण अंकांशी खेळायच्या त्यांच्या आणखीही रीती आहेत आणि त्यातल्या दोन कुठल्याही संख्येला लावता येतात.

हर्षद संख्या: स्वतःच्या अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो ती. आपली बेरीज ३२ आणि संख्या विषम. नाही.

स्वयंभू संख्या: जिला ‘जनक’ नाही ती. एखादी संख्या घेऊन तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की दुसरी तयार होते, पहिली दुसरीची जनक. आपल्या संख्येला जनक आहे का? १४५८५ पर्यंतचे अंक तेच धरले आणि शेवटचे दोन शोधले तर एकच जोडी बसते: १४५८५२०. तिच्या अंकांची बेरीज २५, आणि १४५८५२० + २५ = १४५८५४५. म्हणजे ही स्वयंभू नाही. त्याच्या मागच्या शंभर संख्यांत, म्हणजे १४५८४ ने सुरू होणाऱ्यांत, बेरीज इथवर पोचतच नाही, म्हणून जनक एकच.

हे दोन्ही गुणधर्म आपण दहाच्या पद्धतीत लिहितो म्हणून आहेत, हे वहीत नोंदवा. द्विमान पद्धतीत हीच संख्या १०११००१०००००१०१११०००१ अशी २१ अंकी होते. तिथे अंकांची बेरीज ९. अवयव मात्र कुठल्याही पद्धतीत तेच राहतात.

९. याहून मोठी संख्या आणि संगणक

दहा अंकांपर्यंत हाताने रेटता येतं, पुढे संगणक घ्या. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘फॅक्टर’ हा आदेश रोमन लिपीत लिहून पुढे संख्या दिली की अवयव लगेच येतात. पायथॉन ही संगणकाची भाषा येत असेल तर तिच्यातलं गणिताचं ‘सिमपाय’ आहेच. एक्सेलपासून मात्र सावध: ते १५ अंकांपर्यंतच संख्या नीट धरतं, सोळाव्या अंकापासून पुढे गुपचूप शून्य लिहितं. सोळा अंकी संख्या टाकून तुम्ही तिचे अवयव पाडलेत तर ते भलत्याच संख्येचे असतील.

आणि संख्या निवडताना आधार, बँक खातं किंवा कार्डाचा नंबर घेऊ नका. प्रकल्पाची वही वर्गभर फिरते, आणि अनोळखी संकेतस्थळावर तो टाकणं तर नकोच.

मोठ्या संख्येबद्दल ‘मूळ आहे का’ आणि ‘अवयव कोणते’ हे दोन प्रश्न वेगळे पडतात. पहिला तुलनेने सोपा. त्याची झटपट, कुठेही न चुकणारी रीत असते हे २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं. फर्मांच्याच नावाची एक जुनी, वेगळी चाचणी आहे, ती ५६१ किंवा १७२९ सारख्या संयुक्त संख्यांना मूळ समजून फसते, म्हणून एकट्या तिच्यावर विसंबू नका. दुसरा प्रश्न खरोखर अवघड. आरएसए-२५० या २५० अंकी संख्येचे दोन मूळ अवयव २०२० मध्ये सापडले तेव्हा त्यामागे असंख्य संगणकांचं काम होतं. आपले ऑनलाइन व्यवहार बऱ्याच अंशी याच अवघडपणावर उभे आहेत.

सरावाला दक्षिण गोवा ठेवलाय: ६,४०,५३७. विषम आहे, अंकांची बेरीज २५, आणि ५३७ − ६४० = −१०३, म्हणजे ७, ११, १३ तिन्ही बाद. ८०० चा वर्ग ६,४०,०००, तेव्हा भागाकार फार तर ८०० पर्यंत. फर्मांची युक्ती ८०१ पासून सुरू करा आणि दहा-बारा फेऱ्यांत नाही लागली तर भागाकाराकडे वळा. म्हापसा किंवा मडगावच्या बाजारात जाताना बसमध्ये करायचं असेल तर १७ पासून.